कोबा उकरणारा घोयरा

त्या दिवशी घोयऱ्यानं नाकतोडा बघितला आणि डोळा दुसरीकडं फिरवला. बांबूच्या कामटीच्या चिमट्यात धरलेला, तंगड्या झाडणारा, भाताच्या धसकटातून आत्ताच पकडून आणलेला नाकतोडा. आदल्या दिवसापर्यंत असा नाकतोडा वीतभर लांब धरला तरी जीभ सटकन यायची आणि चिमट्यात नुसता एक पाय उरायचा. मी चिमटा जवळ नेला, आणखी जवळ नेला, शेवटी त्याच्या तोंडाला लावला. काही नाही. "खा की मेल्या," म्हणलं, "सकाळधरनं खाचरात वाकून कंबर मोडली माझी." त्यानं दुसराही डोळा फिरवला.

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. शिकलेली माणसं शॅमेलियन म्हणतात. एक पाऊल टाकायला चारदा विचार करतो, दोन डोळे दोन दिशांना फिरवतो, आणि फांदी धरली की सोडत नाही. पासलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं घोयरा दिसला की माणसं आधी दगड शोधतात. तो चावला तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही, अशी सगळ्यांची खात्री. चावलेलं माणूस मात्र कुणी बघितलेलं नाही.

मला तो मार्गासनीच्या पुढं, विंझरच्या अलीकडं मिळाला. मुलीला भोरला होस्टेलवर सोडून मी परत येत होते. रस्त्याचं काम चाललेलं म्हणून एसटी थांबलेली. करंजाचं झाड पाडलं होतं आणि झाडाबरोबर हाही खाली आलेला. पुढचा एक पाय सुजलेला, त्याला हलता येईना, आणि तिघं बाप्ये दगड घेऊन उभे. माझं डोकंच फिरलं. मी एसटीतून उतरले आणि त्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग टॉवेलात गुंडाळून त्याला कोथिंबिरीच्या पिशवीत घातला. वेल्ह्यापर्यंत एसटीतली शेजारची बाई माझ्याकडं पाठ करून बसली.

मुलीनं फोनवर लगेच सांगितलं होतं, "आई, तो पाळायचा प्राणी न्हाई. कायद्यानं ठेवता येत न्हाई. पाय बरा झाला की सोड त्याला." मी हो म्हणलं. पाय पंधरा दिवसांत बरा झाला आणि मी सोडला नाही. खोटं कशाला सांगू? आमच्या घरात जे जे खातं त्याला काहीतरी द्यावं लागतं. शेळी दूध देते, बोकड बाजारात जातो, कोंबडी अंडी देते, मी राबते. हा एकटाच असा होता की त्याच्याकडून कुणाला काही नको होतं. अंगणात अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम आहे, त्यात जास्वंद लावलेली. तिच्यावर तो बसायचा. मी भांडी घासताना एक डोळा माझ्याकडं आणि एक कोंबड्यांकडं. मला बरं वाटायचं, बस्स.

मामांना तो अजिबात आवडत नव्हता. मामा म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडली तरी रोज चाळीस शेळ्या घेऊन डोंगरात जातात. माझ्या नवऱ्याची पुण्याकडं कंपनीत नोकरी, तो सुट्टीला येतो, त्यामुळं घरात मामा आणि मी. मामांनी घोयऱ्याला ठेवू दिलं ते एका अटीवर. "उघड्या हातानं त्याला शिवायचं न्हाई. कापडानंच धरायचं." मी ती अट पाळली. चावण्याची भीती मला नव्हती, पण रोज उठून मामांच्या तोंडाला कोण लागणार?

आणि जनावराच्या बाबतीत मामांचा शब्द अख्ख्या वाडीत शेवटचा. कुठली शेळी रवंथ करत नाही, कुणाचे कान गार पडलेत, कुणाला ताप आहे, हे ते दारातून सांगतात. लोक पार केळदपासून त्यांना बोलवायला येतात. व्यायला झालेली शेळी तर ते आधीच ओळखतात. ती चारा सोडते, कळपातून बाजूला होते, पुढच्या पायानं जमीन उकरते. "हिची आजची गोष्ट हाय," म्हणतात, आणि तसंच होतं.

माझ्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. एकवीस वर्षं झाली त्याला. माझी पहिली खेप. सासूबाई तेव्हाही नव्हत्या, नवरा पुण्याला. दुपारपासून मला कळा येत होत्या आणि मी दाराची चौकट धरून उभी होते. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पहिलटकरीण हाय, येळ लागंल. शेळ्या वरडाय लागल्यात वर. त्या घिऊन येतो, मंग गाडी बघू." ते शेळ्या घेऊन आले, मग गाडी शोधली. वेल्ह्याला पोचेपर्यंत पोरगं पोटातच गेलं होतं. त्यावर मामा कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली, तिच्या वेळी मी महिनाभर आधीच माहेरी जाऊन बसले होते.

तर घोयऱ्यानं खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याचा हिरवा रंग मळकट झाला, अंगावर काळसर पट्टे आले. तो जास्वंदीवरून उतरून ड्रममधली माती उकरायला लागला. मातीत सगळी जास्वंदीची मुळंच मुळं, त्याच्या बोटांनी काय उकरणार? मी कापडानं उचलून परत फांदीवर ठेवला आणि माती थापटून सारखी केली. "माझ्या झाडाची मुळं उघडी पाडू नको," असंही त्याला सुनावलं.

तिसऱ्या दिवशी तो पार अंगणात उतरला. गेल्या वर्षी आम्ही अंगणाला कोबा केला. तेव्हापासून सारवायचं गेलं, मला तर सुटल्यासारखं झालेलं. त्या कोब्याच्या कोपऱ्यात, भिंतीला डोकं लावून, तो पुढच्या पायांनी खरवडत होता. सिमेंट ते. आवाज यायचा, खर्र खर्र. कोंबड्या मान वाकडी करून बघत होत्या. एका कोंबडीनं चोच मारली असती तर संपलं असतं. मी धावत जाऊन उचलला, वर ठेवला. तासाभरात परत खाली. परत उचलला. त्या दिवशी पाच वेळा उचलला मी त्याला, पाचही वेळा शिव्या घालत.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या नखांतून रक्त आलेलं होतं आणि तो आ वासून बसला होता. मामा शेळ्या सोडायला निघालेले, ते थबकले. खाली वाकून, हात मागं बांधून, लांबूनच बघितलं त्यांनी.

"चारा कवाधरनं सोडलाय?"

"तीन दिवस झालं."

"त्वांड बघ, मिटंना. पायाला जखमा हायती. आन काय पायजे तुला? ह्ये खुरकूत हाय."

लाळ-खुरकूत म्हणजे काय ते शेळ्यामेंढ्यांच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. तोंडात फोड, पायात फोड, खाणं बंद, आणि एकीला झाली की सगळ्या गोठ्याला. खालच्या गावांत आलीय अशी कुणकुण होतीच, आणि आमच्या शेळ्यांना अजून लस टोचलेली नव्हती. मामा एरवी मोठ्यानं बोलत नाहीत, त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "माज्या चाळीस शेळ्या हायती हितं! ह्येला आत्ताच्या आत्ता लांब टाकून ये."

"टाकणार न्हाई," मी म्हणलं. "बाजूला ठेवते. शेळीला असं झालं तर टाकता का तुमी?"

"शेळी हाय व्हय त्यो?"

"जनावर हाय की. तुमीच म्हणला ना, शेळीसारखंच दुखणं हाय त्याला?"

मामा काठी आपटून शेळ्यांमागं गेले. मी मागल्या पडवीत, तिथंही कोबाच, करडं झाकायचं बांबूचं डालं उपडं घातलं आणि घोयरा त्याच्या आत ठेवला. मग शेळ्यांना करतो तेच केलं. लाल औषधाच्या पाण्यात कापूस बुडवून पाय धुतले, जखमांवर हळद लावली. तो फिस्स करून अंग फुगवायचा, तोंड उघडायचा, आणि मी कापडात त्याला आणखी घट्ट धरायचे. दोन दिवस मी हे केलं. किती काळजीनं केलं म्हणून सांगू! डालं उचललं की प्रत्येक वेळी तो कोपऱ्यात, खाली तोंड, आणि कोब्यावर रक्ताचे बारीक ओरखडे.

सहाव्या दिवशी सकाळी चांगलं ऊन आलं तरी त्याचे डोळे मिटलेले होते. घोयरा दिवसा डोळे मिटत नाही, एवढं मला इतक्या दिवसांत कळलं होतं. मी हाक मारली तर एक डोळा किलकिला झाला, आणि तोही खोल गेलेला. पासलीला रेंज फक्त महादेवाच्या देवळामागं खडकावर चढलं की येते. मी धावत तिथं गेले आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं, खुरकुतीचंही.

"आई!" ती ओरडलीच. "खुरकूत खुरवाल्या जनावरांना होते. सरड्याला खूर हाय का? थांब, मोबाईलवर बघते." मग ती वाचून विचारत गेली. डोळे खोल गेलेत का? व्हय. दिवसा मिटतो का? व्हय. रंग काळवंडलाय? व्हय. तोंड उघडं ठेवतो? व्हय ग, व्हय! फांदीवरची पकड सैल झालीय? फांदीवर ठरतच नाही मेला, सारखा खाली उतरतोय.

"बरं, आन पोट हाताला कसं लागतंय? मऊ हाय का टणक?"

पोट हाताला कसं लागतंय ते मला माहीतच नव्हतं. दीड महिन्यात मी त्याला एकदाही उघड्या हातानं धरलं नव्हतं. पोट मोठं दिसत होतं, हे खरं. माझ्या हातचे नाकतोडे खाऊन गुटगुटीत झालाय, असं मीच चार बायकांना कौतुकानं सांगितलेलं.

घरी आले, डालं उचललं, आणि कापड बाजूला फेकून त्याला तळहातावर घेतलं. फिस्ससुद्धा केलं नाही त्यानं. हलका, गार, आणि पोटाशी माझी बोटं गेली तर आत गोट्याच गोट्या. पावट्याच्या शेंगेत दाणे लागावेत तशा, एकाला एक लागून. शेळीच्या पोटाला हात लावून आत किती पिल्लं आहेत ते मी सांगते. मला परत बघायची गरज पडली नाही. नर का मादी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंड्यावर आली होती ती. सहा दिवस जागा शोधत होती. खायचं सोडलं होतं, बाजूला झाली होती, जमीन उकरत होती.

आणि मी तिला पाच वेळा उचलून फांदीवर ठेवली होती! मी! चौकट धरून उभी राहिलेली मी. कुणीतरी माझ्याकडं नीट बघावं म्हणून एकवीस वर्षं मनात जळणारी मी. वर तिला सिमेंटवर डाल्याखाली कोंडली, तिच्या फुटलेल्या नखांना औषध चोळलं आणि स्वतःला शाबासकी दिली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पदरात धरून निघाले तर मामा शेळ्या सोडायला गोठ्याचं फाटक उघडत होते. "आगं, उघड्या हातानं..." ते म्हणाले.

"खुरकूत न्हाई, मामा. अंडी हायती पोटात. अडलीय ती."

मामांचा हात फाटकावरच राहिला. मी थांबले नाही.

झऱ्याच्या कडेला आमचं शेवटचं खाचर आहे. भात निघाला तरी तिथल्या बांधाची माती ओलसर असते. करवंदीच्या जाळीखाली मी खुरप्यानं कोपरभर माती मोकळी केली, दगड वेचले, छोटासा खड्डा केला आणि तिला त्याच्या तोंडाशी ठेवली. जाळीवर पाणी शिंपडलं. पानावरनं ओघळलेले थेंब तिच्या तोंडावर पडले, तेव्हा तिनं जीभ हलवली. मग काही नाही. डोळे मिटलेलेच. मी पाच हात मागं सरून उकिडवी बसले. उशीर झालाय, असं मनात येत होतं. वेल्ह्याच्या दवाखान्यात नर्सनं हेच म्हणलं होतं, उशीर झालाय. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, बाई, उकर. एकदा उकर. आता कुणी उचलणार नाही तुला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पुढचा एक पाय हलला. सुजून बरा झालेला तोच पाय. चिमूटभर माती मागं आली. मग परत थांबली. मग परत. रक्ताळलेल्या बोटांनी ती उकरत होती आणि माझ्या हातांच्या मुठी वळलेल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती खड्ड्यात निम्मी होती, थोड्या वेळानं नुसती शेपटी दिसत होती, मग तीही दिसेना.

कावळे आले. आधी एक सागावर, मग तीन. मी ढेकळं मारत होते, पण ते उडून परत तिथंच बसायचे. तेवढ्यात मागून काठी फिरल्याचा आवाज आला. मामा होते. बांधावर माझ्यापासून चार हात लांब ते उभे राहिले आणि एकही प्रश्न विचारला नाही. खालून घराकडून शेळ्यांचा गलका ऐकू येत होता. सकाळी दहाच्या आत सुटणाऱ्या शेळ्या, दुपार झाली तरी कोंडलेल्या. मामांचा दिवस कधी असा गेला नव्हता, सासूबाईंच्या दहाव्यालासुद्धा नाही, असं वाडीतले लोक सांगतात.

"मामा, शेळ्या राहिल्यात," मी म्हणलं. "तुमी जावा. मी बसते."

"वरडू दे," मामा म्हणाले, आणि कावळ्यांवर काठी उगारली.

खड्ड्यात आता नुसतं डोकं दिसत होतं. ती आत वळून बसली होती, तोंड वर, डोळे मिटलेले. जिवंत आहे का नाही ते कळेना. जवळ जायची मला छाती होईना आणि मामांनाही. एकदा तिचा गळा हलल्यासारखा वाटला. मामा हळूच म्हणाले, "कळ दितीय." एरवी शेळीजवळ बसून ते असंच म्हणतात. मला एकदम भडभडून आलं, पण मी ते गिळलं, आवाजानं ती बिचकली असती.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती बाहेर आली. चामडं नुसतं लोंबत होतं, पोट पार आत गेलेलं. वाटलं, आता ही इथंच आडवी होणार. पण ती वळली आणि मागच्या पायांनी माती आत लोटायला लागली. दमायची, थांबायची, परत लोटायची. सगळा खड्डा भरला तिनं. वरून पायांनी दाबून सारखाही केला, मी जास्वंदीची माती केली होती तसा. मग करवंदीच्या जाळीला हात घातला, एक फांदी धरली, दुसरी धरली. मी पुन्हा पाणी शिंपडलं. ती थेंब थेंब करत किती तरी वेळ पीत राहिली. आमच्याकडं एक डोळासुद्धा वळवला नाही तिनं. वर वर जाताना तिचं अंग हिरवं होत गेलं आणि मग पानांत ती मला ओळखता येईना.

मी तिला परत नेणार नव्हते. ते सांगायचीही गरज पडली नाही. मामांनी बोरीच्या काट्या तोडून आणल्या, त्या जागेभोवती गोल रोवल्या. कोल्हाकुत्र्यानं उकरू नये म्हणून मध्ये आडव्याही टाकल्या. दोनदा काटा लागला, तरी मला हात लावू दिला नाही. काम झाल्यावर ते बांधावर बसले. खालून शेळ्यांचा आवाज येतच होता, आता बसलेल्या घशांचा.

मामा त्या आवाजाच्या दिशेला बघत होते. माझ्याकडं नाही.

"तवा बी वरडू द्यायला पायजे हुत्या," ते म्हणाले.

एकवीस वर्षं मी त्यांच्यासाठी बोलणं साठवून ठेवलं होतं. भांडी घासताना, लाकडं तोडताना, शेळ्यांच्या लेंड्या काढताना ते मनात पाठ केलेलं होतं. त्यातला एक शब्द मला आठवेना. मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले, दवाखान्यातून रिकाम्या हातानं आले तेव्हा रडले नव्हते तेवढं. मामांनी मला उगी म्हणलं नाही, आणि ते उठलेही नाहीत. माझं रडून होईपर्यंत शेळ्या ओरडत राहिल्या.